ती मतं माझी नव्हती

शुक्रवारी दुपारी नवीन पनवेलमधल्या बऱ्याच घरांत माझा आवाज ऐकला जातो. जेवणं झालेली असतात, ओटा आवरणं चाललेलं असतं आणि मोबाइलवर माझी क्लिप वाजते. "नमस्कार मंडळी, आज सकाळचा पहिला शो पाहून आलो." मग त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमाबद्दल दोन-तीन मिनिटं. जावं की नाही, आईवडिलांना न्यावं की नाही, मध्यंतराला उठून आलं तरी चालेल का. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून ती क्लिप शेजारच्या सेक्टरांत जाते, विचुंब्याच्या नव्या इमारतींत जाते, कुणाच्या तरी पुण्याच्या बहिणीकडे जाते. भाजीवाल्याशी घासाघीस करताना माझा आवाज ऐकून अनोळखी माणसं वळतात आणि म्हणतात, "अरे, तुम्हीच ते सिनेमावाले काका!"

आवाज माझा आहे. मतं माझी नाहीत. ती पहिल्यापासून माझ्या बायकोची आहेत.

तिला विस्मरणाचा आजार आहे आणि तो वाढत चालला आहे. तिचं बोलणं तिच्या नावावर करायचं, तर ते तिला समजेल तोवर करायला हवं होतं. मी फार उशीर केला. तरी जे झालं ते लिहितो, कारण तोंडाने सांगून पाहिलं आणि त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आमचा शिरस्ता असा. शुक्रवारी सकाळचा पहिला शो, हायवेजवळच्या मॉलमधल्या थिएटरात. कुठला सिनेमा, हा प्रश्नच नसायचा. जो लागेल तो. मारामारीचा असो, भुताचा असो, ती तयार असायची. आरामखुर्च्या असलेला स्क्रीन मात्र तिला चालत नसे. "झोपायचं तर घरी पलंग आहे," म्हणायची. सिनेमा बघताना ती हीरोकडे बघत नसे. पडद्याच्या कडेकडेला बघायची. मागच्या स्वयंपाकघरात कोण उभं आहे, दारात चपला कुणाच्या आहेत, नोकराचं काम करणाऱ्याचे हात कसे आहेत. परतीच्या रिक्षात, पदर कानावरून घट्ट ओढून, ती बोलायला लागायची. घर येईपर्यंत सगळं बोलून मोकळी व्हायची. घरी आल्यावर ती कुकर लावायला जायची आणि मी गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचो. शिट्टीचा आवाज क्लिपमध्ये येतो, असं कारण मी सांगायचो.

आजाराआधी सिनेमांबद्दल ती काय काय बोलली, ते थोडं सांगतो.

दक्षिणेकडून डब होऊन आलेला एक प्रचंड मारामारीचा सिनेमा होता. लोक शिट्ट्या मारत होते. रिक्षात ही म्हणाली, "एवढी माणसं मेली, पण एकाच्याही घरून 'जेवायला कधी येताय' म्हणून फोन आला नाही. कुणीच कुणाचं नव्हतं का त्यांच्यात?" एका ऐतिहासिक सिनेमाबद्दल, "सगळे सारखे ओरडूनच बोलत होते. गडावर काय सगळ्यांना कमी ऐकू यायचं?" लंडनमध्ये काढलेल्या मराठी सिनेमाबद्दल, "नवराबायको तिकडे जाऊन भांडले. भांडायला एवढं लांब कशाला जायचं? आपल्या गॅलरीत जागा आहे की." भुताच्या विनोदी सिनेमाबद्दल, "भूत चांगलं होतं. त्याला काहीतरी काम तरी होतं. बाकीचे कशासाठी आले होते?" आणि एका थोर माणसाच्या चरित्रपटाबद्दल ती म्हणाली होती, "मोठ्या माणसाची बायको सगळ्या सिनेमांत सारखीच. दिवा लावते आणि दारात उभी राहते. तिला कुणी आत बोलावतच नाही."

हे शेवटचंही मी गॅलरीचं दार ओढून घेऊन, जसंच्या तसं, माझं म्हणून बोललो. सगळ्यांत जास्त लाल बदाम ग्रुपवर त्या क्लिपला आले. बायकांनी लिहिलं, "काका, तुम्हाला बायकांचं मन किती कळतं!"

याची सुरुवात क्लिपा निघायच्या फार आधीची आहे. मी जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या खात्यात होतो. कंपनीची बस नवीन पनवेलहून आम्हाला घेऊन जायची. तेव्हा आम्ही पनवेल गावातल्या जुन्या टॉकीजला जायचो, रविवारी. एका सोमवारी बसमध्ये कुणीतरी सिनेमाचं विचारलं आणि मी आदल्या दिवशी हिने म्हटलेलं वाक्य म्हणून टाकलं. अख्खी बस हसली. त्या वेळी "बायको म्हणाली" एवढे दोन शब्द जोडले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण आमच्या बसमध्ये जो "बायको म्हणाली" म्हणायचा त्याची दिवसभर टिंगल व्हायची. "काय, आज डब्यात काय द्यायचं तेही तीच म्हणाली का?" असं. म्हणून मी ते दोन शब्द गिळले. पुढच्या सोमवारी मी चढलो तर मागून आवाज आला, "आले समीक्षक! खिडकी सोडा रे त्यांना." मी खिडकीशी बसलो. निवृत्त होईपर्यंत ती खिडकी माझी होती.

मी काही अगदीच मठ्ठ माणूस नाही. बिल ऑफ लेडिंगमधली, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या कागदातली, चूक मला लांबून दिसायची. पण सिनेमा पाहून बाहेर आलो की मला भूक लागलेली असते, एवढंच मला समजतं. आवडला की नाही, तेसुद्धा ही बोलल्यावर कळतं.

काही वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिक संघाने माझा सत्कार केला. विरंगुळा केंद्राच्या हॉलमध्ये, शाल आणि श्रीफळ देऊन. "आपल्या परिसरातले चोखंदळ रसिक" म्हणून. अध्यक्षांनी भाषणात माझ्या एका क्लिपमधलं वाक्य वाचून दाखवलं. एका सिनेमात नवरा गेल्यावर बाई दिवसच्या दिवस खिडकीत बसून राहते, त्यावरचं. "आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईला खिडकीत बसू देतात का कुणी? भेटायला आलेल्यांचा चहा कोण करणार?" हॉल हसला. पुढच्या दोन रांगांतल्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ही दुसऱ्या रांगेत होती, आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या शेजारी. वहिनींनी हिला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "नशीबवान आहात हो." ही टाळ्या वाजवत होती.

मला उत्तरादाखल बोलायला सांगितलं. माइक हातात होता. मी म्हणालो, "माझ्या सौभाग्यवतीच्या साथीशिवाय हे शक्य नव्हतं." सगळेच सत्कारमूर्ती हे म्हणतात. खरं सांगितल्यासारखं वाटतं आणि काहीच सांगितलेलं नसतं.

घरी येऊन हिने शाल घडी घालून कपाटात ठेवली. मी वाट बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "चहाचं वाक्य त्यांनी नीट वाचलं नाही. खिडकीनंतर जरा थांबायला हवं होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिने एकदा संप केला. रिक्षात बसलो, मी वाट पाहिली, ती बोलेना.

"काय गं, कसा वाटला?"

"तुम्हाला कसा वाटला?"

"मला? बरा होता."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा. गाणी चांगली होती."

"मग तसंच सांगा की. नमस्कार मंडळी, बरा होता, गाणी चांगली होती." तिने माझा आवाज इतका हुबेहूब काढला की रिक्षावाला आरशात बघून हसला.

"अगं, लोक वाट बघत असतात."

"कुणाची?"

मी मोबाइलमधली वेळ बघितली. ती रेल्वेच्या पुलापर्यंत बाहेर बघत राहिली. मग तिलाच माझी दया आली असावी. "त्या सासूचं काम केलेल्या बाईंचं लिहून घ्या," म्हणाली, आणि बोलायला लागली. मी निमूटपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर गॅलरीत गेलो.

त्या वेळचं तिचं गप्प राहणं हे चिडवणं होतं. पुढे दोनेक वर्षांनी ती पुन्हा गप्प राहू लागली, तेव्हाही मी ते चिडवणंच समजलो. सगळं तिथून बिघडलं.

रिक्षात ती विचारायची, "सुरुवात कशी होती हो?" मला वाटायचं, परीक्षा घेते आहे माझी. मी म्हणायचो, "भाव खाऊ नकोस, बोल पटकन." ती काहीतरी अर्धवट बोलायची आणि थांबायची. मी चिडायचो. घर जवळ आलं की माझा जीव वरखाली व्हायचा, कारण क्लिप जायची वेळ झालेली असायची. एकदा मी तिला दारातच अडवून धरलं, एक तरी वाक्य दे म्हणून. किल्ली माझ्या हातात होती आणि मी कुलूप उघडत नव्हतो. शेवटी ती म्हणाली, "हा मागच्याच शुक्रवारी पाहिला ना आपण?"

मला ते वाक्य एवढं आवडलं! काय टोला मारलाय, असं मला वाटलं. मी तडक गॅलरीत गेलो. "नमस्कार मंडळी, आजचा नवा सिनेमा पाहताना सारखं वाटत होतं, हा मागच्याच शुक्रवारी पाहिला ना आपण?" ग्रुपवर हसून हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, भारी होतं आजचं." ही आत डायनिंग टेबलाशी बसली होती. तिने तो प्रश्न खरोखरच विचारला होता. तिला खरंच माहीत नव्हतं, की आपण हा सिनेमा आधी पाहिलाय की नाही.

मला हे समजायला बरेच महिने गेले. मधल्या काळात तिने असं बरंच काही विचारलं आणि मी ते विनोद म्हणून पुढे पाठवलं. "हे सगळे एकमेकांचे कोण?" हे एका मोठ्या घराण्याच्या सिनेमाबद्दलचं वाक्य फार गाजलं. "आता संपला का?" हेही.

मग ती एकदा शेजारच्या सेक्टरमधल्या देवळातून घरी आलीच नाही. खालच्या वहिनींना ती भलत्याच इमारतीच्या जिन्यात बसलेली सापडली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मुलगी पुण्याहून आली होती. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून जाणवतंय?" मी म्हणालो, "हल्लीच." ते म्हणाले, औषधांनी आजार बरा होत नाही, पण लवकर सुरू केली तर थोडा अवधी मिळतो. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, बाबांना धक्का बसलाय.

घरी येऊन मी गॅलरीत बसलो आणि जुन्या क्लिपा एकापाठोपाठ एक लावल्या. कधीपासून, ते सगळं त्यांत होतं. माझ्या हसऱ्या, टवटवीत आवाजात तिचा आजार एकेक पायरी पुढे गेलेला ऐकू येत होता. डॉक्टरांना त्या क्लिपा नुसत्या ऐकवल्या असत्या तरी पुरलं असतं. मी मुलीलाही ऐकवलं नाही.

मुलीने जाताना बजावलं, "बाबा, आता आईला थिएटरात नेऊ नका. अंधारात घाबरेल ती." सांभाळायला विचुंब्याच्या एक मावशी दिवसा येऊ लागल्या. त्यांच्यावर हिला सोपवून मी शुक्रवारी एकटा जाऊ लागलो. आणि एकट्याच्या मतांचं जे व्हायचं तेच झालं. "छायाचित्रण उत्तम," मी म्हणायचो. "कथेत दम नाही." कुणीतरी लिहिलं, "काका, तब्येत बरी आहे ना? पूर्वीची मजा येत नाही." मग मी तिची जुनी वाक्यं नव्या सिनेमांना चिकटवू लागलो. तीही पकडली गेली. "काका, हे तुम्ही त्या भुताच्या सिनेमाला म्हणाला होतात!" मी बंद करू शकलो असतो. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या माणसाने क्लिपा थांबवल्या तर काय बिघडणार होतं? पण शुक्रवार दुपार सोडली, तर माझं नाव घेणारं कोणी नव्हतं आणि मला ते सुटत नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

म्हणून मी एका शुक्रवारी मावशींना बाजारात पाठवलं आणि हिला साडी नेसवून थिएटरात घेऊन गेलो. मनाशी म्हणत होतो, की तिला बरं वाटेल. तिला बरं वाटावं असंही होतंच. पण मला वाक्य हवं होतं.

सिनेमा युद्धाचा होता. एक जवान एकटा शत्रूच्या मुलखात शिरून आपल्या माणसांना सोडवून आणतो. बॉम्ब फुटले की ती माझं मनगट धरायची. मध्यंतराला मी तिला एका पोस्टरपाशी उभं केलं, "इथून हलू नकोस," म्हटलं आणि समोशांच्या रांगेत गेलो. रांग हलत नव्हती. शेवटी समोसे घेऊन मागे वळलो, तेव्हा पोस्टरपाशी कोणी नव्हतं.

समोशाचा द्रोण कुठे ठेवला ते मला आठवत नाही. बायकांच्या स्वच्छतागृहात एका मुलीला बघायला पाठवलं. नाही. दारावरचा गार्ड म्हणाला, "काका, बाहेर नाही गेल्या, मी इथून हललेलो नाही. आतच असतील." आत म्हणजे एवढे सगळे स्क्रीन. मी एकेका अंधारात शिरत गेलो. पडद्याच्या उजेडात रांगा न्याहाळत वाकून फिरत होतो. आयुष्यभर मी तिला "अगं" म्हणूनच हाक मारली आहे. "अगं... अगं..." करत अंधारात फिरणाऱ्या म्हाताऱ्याला कोण ओ देणार? मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना खाली!" कुणीतरी मोबाइलची बत्ती माझ्या तोंडावर मारली. मी तिचं नाव घेऊन हाक मारून पाहिली. मला स्वतःलाच ते नाव परकं वाटलं. ती कशी वळली असती?

शेवटच्या स्क्रीनमध्ये ती सापडली. कडेच्या खुर्चीत, एका कॉलेजच्या मुलीशेजारी. त्या मुलीच्या हातातल्या डब्यातले पॉपकॉर्न खात होती. मुलगी कुजबुजली, "या तुमच्या आहेत का? मला सगळी स्टोरी विचारतायत. भारी आहेत एकदम." ही माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा ना. आत्ताच घरी आला तो."

 मी मागच्या रिकाम्या खुर्चीत बसलो आणि सिनेमा संपेपर्यंत तिचा खांदा धरून ठेवला. तिथे एक घरगुती मराठी सिनेमा चालू होता. मुलगा आईला वृद्धाश्रमात सोडतो, त्याचा.

रिक्षात मी काहीच विचारलं नाही. देवाशपथ विचारलं नाही. पूल चढताना ती आपण होऊनच बोलली. आवाज अगदी पूर्वीचा. "काय मुलगा तो! एवढ्या लोकांना शत्रूकडून सोडवून आणलं आणि घरी येऊन आईला आश्रमात टाकून आला. असंच असतं बघा. यांचं शूरपण उंबऱ्याबाहेर."

दोन सिनेमे तिच्या मनात एक झाले होते. आणि त्या एका सिनेमाबद्दल ती जे म्हणाली, तसं मत मी तिच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते या सगळ्यात मला सर्वांत जड जातं. घरी आल्यावर मी तिला मावशींच्या हवाली केलं आणि गॅलरीत गेलो. दार ओढून घेतलं. "नमस्कार मंडळी. शत्रूशी लढणारे जवान आपण पडद्यावर पाहतो. पण आपल्या घरातले शूर..." मागे दारावर थाप पडली. मावशी म्हणत होत्या, "आजोबा, आजी घाबरल्यात. तुमाला हाका मारतात. तुमी हाय कुठं?" मी हाताने थांबा म्हणून खूण केली. क्लिप ऐकली तर तिच्यात मागून अगदी बारीक हाक आली होती, "अहो." मी ती क्लिप पुसली आणि पुन्हा रेकॉर्ड केली.

ग्रुपवर लोक म्हणाले, "काका इज बॅक!"

त्या रात्री मला त्या पुसलेल्या हाकेने जेवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला जरा बरं असताना, मी हॉलमध्ये तिच्या शेजारी बसलो, फोन हातात घेतला आणि दार वगैरे न लावता बोललो. "मंडळी, आजवर माझ्या आवाजात तुम्ही जी मतं ऐकलीत, ती सगळी हिची आहेत. पहिल्यापासून. कंपनीच्या बसमध्ये सांगायचो तेव्हापासून. सत्कार झाला तो तिचा व्हायला हवा होता. मी फक्त ऐकून बोलत आलो." पाठवलं. आणि छातीवरचं ओझं उतरेल म्हणून वाट पाहू लागलो.

बदाम आले. हात जोडलेले आले. "किती हे प्रेम!" "आदर्श जोडपं!" "काकू, तुम्ही भाग्यवान." "आजच्या नवऱ्यांनी शिकावं." कुणीतरी ती क्लिप आमच्या जुन्या फोटोवर चढवून, मागे बासरी वाजवून, स्टेटसला ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः वर आले. म्हणाले, "काका, काकूंच्या आजारपणात तुम्ही त्यांना एवढा मान दिलात, डोळ्यांत पाणी आलं. येत्या कार्यक्रमात तुमचा पुन्हा सत्कार करायचा असं ठरतंय."

"अहो, खरंच तिची आहेत ती मतं."

"हो हो, कळलं मला."

"नाही कळलं. मी चोरली आहेत."

"हाच मोठेपणा तुमचा," ते म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

मी खालच्या वहिनींकडे गेलो. त्यांनी तरी हिच्याशी वर्षानुवर्षं गप्पा मारल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सिनेमाबद्दल त्या कधी एक अक्षर बोलल्या नाहीत आमच्याशी. विचारलं की म्हणायच्या, आमच्या ह्यांना विचारा." बसमधल्या एका जुन्या सोबत्याला फोन केला. तो हसत सुटला. "अरे, बोलायचास तू आणि वहिनी कुठून आल्या मध्येच? म्हातारपणी काय काय सुचतं तुला!" मुलीला सगळं सांगितलं, क्लिपांमधल्या आजारासकट. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतःला फार दोष देताय. झोप होते का तुमची नीट?" पुढच्या वेळी आईबरोबर माझीही डॉक्टरांची वेळ तिने घेतली आहे.

मी इतकी वर्षं इतकं चांगलं खोटं बोललो, की आता खऱ्याला जागाच राहिलेली नाही. म्हणून हे लिहिलं. आवाजात सांगितलं की लोकांना माझं प्रेम ऐकू येतं. कागदावर कदाचित नुसते शब्द वाचतील. ते शब्द तिचे आहेत, हे कुणा एकाला जरी पटलं तरी पुरे.

उरली होती ती स्वतः. जगाला पटो न पटो, तिला तर माहीत असणार, असं माझं मन धरून बसलं होतं. परवा दुपारी ती खुर्चीत प्रसन्न बसली होती. मी फोन घेऊन समोर वेताच्या मोड्यावर बसलो आणि तिच्या चांगल्या दिवसांतल्या क्लिपा लावल्या. लंडनची लावली. गडावरच्या ओरडण्याची लावली. ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "किती छान बोलता हो तुम्ही!"

"अगं, हे तुझं आहे. तू म्हणाली होतीस. रिक्षात."

"मी?" ती लाजली. "मला कुठलं येतंय असं बोलायला."

"तूच. पुलावर. मी घरी येऊन नुसतं परत बोललो. आठव बघू."

ती आठवायला लागली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दुसरी लावली, तिसरी लावली. प्रत्येक वेळी म्हणत राहिलो, "हेही तू. हे पण तूच बोललीस. का नाही आठवत?" माझा आवाज चढला होता, ते मला मावशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा कळलं. ही खुर्चीत मागे सरकली होती आणि पदराचं टोक बोटांना गुंडाळत होती.

"बरं," ती हळूच म्हणाली. "मीच बोलले असेन. चुकलं माझं. आता नाही बोलणार."

मी फोन बंद करून तिचे हात हातांत घेतले. "नाही गं, तुझं काहीच चुकलं नाही," म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, खरं बोलतोय की नाही याचा अंदाज घेत. "नक्की ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मावशी दिवा लावून घरी गेल्यावरही ती विचारतच होती, "रागावला नाहीत ना? नक्की ना?"